बेघर विक्रेता आणि स्ट्रीट पेपर: कमाईचा हिशेब खिडकीच्या बाजूने

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला स्ट्रीट पेपर, म्हणजे बेघर माणसांनी रस्त्यात उभं राहून विकायचं नियतकालिक, विकून खरोखर पोट भरता येतं का? ही भीकच नव्हे का, फक्त हातात मासिक धरून मागितलेली? आणि छापील काही विकत घ्यायची सवयच सुटत चाललेली असताना तुमच्या छोट्या संस्थेने असं नियतकालिक आता नव्याने काढावं का? मी बरीच वर्षं अशा अंकांच्या वितरणाचं काम केलं आहे. संपादकीय टेबलाशी माझा फारसा संबंध आला नाही. विक्रेते सकाळी येऊन पैसे मोजतात आणि अंकांचा गठ्ठा उचलतात, त्या खिडकीच्या आत मी बसत आले. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देते.

आधी सरळ उत्तर. ही कमाई बहुतेकांसाठी तुटपुंजी आणि बेभरवशाची असते. केवळ तिच्या जोरावर खोलीचं भाडं नियमित भरणारे विक्रेते असतात, पण थोडे. तरीही मी या कामाची ठाम समर्थक आहे. पत्ता, शिक्षण, जुन्या मालकाची शिफारस, इस्त्रीचे कपडे यांतलं काहीही न मागता त्याच संध्याकाळी हातात पैसे देणारं दुसरं सरळमार्गी काम बेघर माणसाला सहसा मिळत नाही. आणि त्या माणसाच्या हातात शेवटी किती पडतं, हे अंकातल्या मजकुरापेक्षा वितरणाच्या नियमांवर जास्त ठरतं. संस्था काढणारे बहुतेक लोक उलट करतात. वर्षभर मुखपृष्ठ, नाव, पहिली मुलाखत यांवर चर्चा होते आणि विक्रेत्याला अंक कितीला द्यायचा हे शेवटच्या बैठकीत उरकतात.

पद्धत थोडक्यात अशी. विक्रेता अंक संस्थेकडून कमी किमतीला रोख विकत घेतो, छापील किमतीला विकतो आणि मधला फरक त्याचा. ब्रिटनमधल्या 'द बिग इश्यू'चा अंक अलीकडची काही वर्षं विक्रेत्याला 2 पौंडांना पडत आला आणि तो 4 पौंडांना विकत आला. सिॲटलच्या 'रिअल चेंज'मध्ये विक्रेता बरीच वर्षं 60 सेंटला अंक घेऊन 2 डॉलरला विकत आला. जपानमध्ये 2003 साली ओसाकात 'बिग इश्यू' सुरू झालं तेव्हा 200 येनच्या अंकातले 110 येन विक्रेत्याचे होते. सॅन फ्रान्सिस्कोचं 'स्ट्रीट शीट' याहून पुढे जातं. तिथे अंक विक्रेत्याला फुकट मिळतो आणि आलेला सगळा पैसा त्याचा. अंक काढण्याचा खर्च तिथली बेघरांसाठी लढणारी संघटना देणग्यांतून उचलते.

ही कल्पना फार नवी नाही. अमेरिकेत 1915 च्या सुमारास 'होबो न्यूज' निघत होतं. काम शोधत गावोगाव भटकणारे मजूर ते लिहीत आणि विकतही. आजच्या लाटेची सुरुवात मात्र न्यूयॉर्कच्या 'स्ट्रीट न्यूज'पासून, 1989 च्या अखेरीस झाली. तो अंक 75 सेंटला विकला जायचा. 'द बॉडी शॉप' या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रिटिश कंपनीचे गॉर्डन रॉडिक यांनी तो न्यूयॉर्कमध्ये पाहिला, लंडनला परतून जॉन बर्ड यांना गाठलं आणि सप्टेंबर 1991 मध्ये 'द बिग इश्यू' निघालं. बर्ड स्वतः तरुणपणी रस्त्यावर राहिलेले होते. दान देणाऱ्या संस्थांच्या वागण्याचा त्यांना मनापासून राग होता, आणि विक्रेत्याने अंक फुकट न घेता विकत घ्यावा हा त्यांचा आग्रह त्या रागातून आलेला आहे. दोनच वर्षांत ते साप्ताहिक झालं. 1994 मध्ये स्ट्रीट पेपरांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. त्याचं कार्यालय ग्लासगोत आहे आणि आज सुमारे 35 देशांतले अंक त्यात आहेत.

आता पैशांकडे येऊ. ब्रिटनचेच आकडे घेऊ, म्हणजे हिशेब सोपा होईल. दहा अंक घ्यायला 20 पौंड लागतात. ते सगळे विकले तर 40 येतात आणि 20 हातात राहतात. दिवसाला 40 पौंड सुटायला वीस अंक खपले पाहिजेत. सहा तास उभं राहिलं तर दर अठरा मिनिटांना एक. ऐकायला हे सोपं वाटतं. गर्दीच्या जागी अठरा मिनिटांत शेकडो माणसं समोरून जातात आणि त्यांतली जवळजवळ सगळी नजर चुकवून जातात. नव्या विक्रेत्याचे पहिल्या दिवशी दोन-तीन अंक गेले तरी मी ते चांगलं समजते. पाऊस आला की कमाई कोसळते. डिसेंबरात सणांच्या खरेदीमुळे ती वर्षातली सर्वात जास्त असते आणि जानेवारीत इतकी खाली येते, की कित्येक जण त्या महिन्यात काम सोडून जातात. नव्या विक्रेत्याला हे डिसेंबरातच सांगावं लागतं, नाहीतर जानेवारीत तो स्वतःलाच दोष देत बसतो.

या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे भांडवल. उद्याचे अंक घ्यायला आजच्या कमाईतले पैसे बाजूला ठेवायचे असतात. घर असलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. रस्त्यावर झोपणाऱ्याकडे पैसे ठेवायला जागाच नसते. खिशात ठेवले तर रात्री जातात. सोबत्यांना माहीत झालं तर कोणीतरी उसने मागतो, आणि रस्त्यावर ज्याच्या सोबतीने झोपायचं त्याला नाही म्हणणं धोक्याचं असतं. व्यसन असेल तर पैसे रात्रीपर्यंत टिकत नाहीत. म्हणून बरेच विक्रेते सकाळी पुन्हा रिकाम्या हाताने खिडकीशी उभे राहतात. बाहेरून ही बेफिकिरी वाटते. खरी अडचण तिजोरी नसण्याची असते.

यावर सर्वांत उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. विक्रेत्याने संध्याकाळी येऊन उद्याच्या अंकांचे पैसे आजच भरायचे आणि वहीत नोंद करून घ्यायची. अंक आमच्याकडे, पावती त्याच्याकडे. सकाळी येऊन गठ्ठा उचलायचा. यासाठी खिडकी संध्याकाळीही उघडी लागते, म्हणजे एक माणूस जास्त लागतो, आणि संस्थांना हाच खर्च नको असतो. अंदाजपत्रकात एखादी चांगली गोष्ट कापायची वेळ आली तर रंगीत छपाई कापा. संध्याकाळची खिडकी कापू नका.

उधारीबद्दल माझं मत कडक आहे. सुरुवातीला काही अंक फुकट द्या. अनेक ठिकाणी तशी पद्धत आहे, कारण पहिलं भांडवल कुठून तरी यावं लागतं. आजारपणानंतर, तुरुंगातून सुटल्यावर, चोरी झाल्यावर पुन्हा द्या. पण उधार देऊ नका. उधारी थकली की माणूस खिडकीशी यायचा बंद होतो. पैशांपेक्षा तोंड दाखवण्याची लाज मोठी होते. फुकट दिलेल्या पाच अंकांचं नुकसान संस्था सहज सोसते, पण उधारीपायी तुटलेला विक्रेता परत मिळवायला महिने जातात.

परतीच्या अंकांचा प्रश्नही असाच आहे. न खपलेले अंक परत घ्यायचे नाहीत, हा बहुतेक ठिकाणचा नियम. धंद्याची शिस्त लागते, हे त्यामागचं कारण. मला ते अर्धंच पटतं. साप्ताहिकाचा अंक आठ दिवसांत शिळा होतो. पावसाच्या आठवड्यात सहा अंक अंगावर पडले तर सहा अंकांचं भांडवल बुडालं, आणि तेवढंच त्याचं एकूण भांडवल असू शकतं. मी सुचवेन की अंक पैशांत परत घेऊ नका, पण ठरावीक मर्यादेपर्यंत जुन्या अंकाच्या बदल्यात नवा द्या. छपाईचा खर्च तसाही झालेलाच असतो.

साप्ताहिक की मासिक, हा निर्णयही विक्रेत्याच्या कमाईला थेट भिडतो. विक्रेत्याचा खप मुख्यतः ओळखीच्या गिऱ्हाइकांवर चालतो. मासिक असेल तर ती गिऱ्हाइकं पहिल्या दहा-बारा दिवसांत अंक घेऊन मोकळी होतात. मग महिन्याचा उरलेला काळ तीच माणसं 'घेतलाय हो' म्हणत पुढे जातात आणि विक्रेत्याला अनोळखी लोकांवर अवलंबून राहावं लागतं. साप्ताहिकात तेच गिऱ्हाईक महिन्यात चार वेळा अंक घेऊ शकतं. पण साप्ताहिक काढायला संपादक, छपाई, वाहतूक सगळंच चौपट लागतं. छोट्या संस्थेला पाक्षिक झेपतं, असा माझा अनुभव आहे.

किमतीचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगल्या हेतूने विक्रेत्याचं नुकसान होतं. समजा अंकाची किंमत 3 आहे आणि निम्मे विक्रेत्याचे. बरेच लोक 5 ची नोट देतात आणि 'राहू द्या वरचे' म्हणतात. विक्रेत्याला दीड नफ्याचे आणि दोन वरचे असे साडेतीन मिळतात. आता कागद महागला म्हणून संस्थेने किंमत 4 केली आणि जाहीर केलं की विक्रेत्याचा नफा दीडवरून दोनवर गेला. तोच गिऱ्हाईक तीच 5 ची नोट देतो. आता विक्रेत्याला दोन अधिक एक, म्हणजे तीन. किंमत 5 केली तर अडीच, कारण वरचे काही उरतच नाहीत. काटेकोर मोजून पैसे देणाऱ्यांकडून मात्र त्याला प्रत्येक वाढीत जास्त मिळतं. म्हणजे वाढ फायद्याची की तोट्याची हे त्या जागेवर कुठल्या प्रकारची गिऱ्हाइकं जास्त आहेत यावर अवलंबून आहे. ते फक्त विक्रेत्यांना ठाऊक असतं. किंमत बदलण्याआधी त्यांना एकत्र बसवून विचारा. किंमत नोटेच्या बरोबरीने न ठेवता थोडी खाली ठेवा, असं ते जवळजवळ नेहमीच सांगतील.

आता जागेविषयी. सगळ्या गोष्टींत मी जागेला सर्वांत वरचं स्थान देईन. स्टेशनबाहेर गर्दी खूप, पण ती धावत असते. मोठ्या किराणा दुकानाच्या दारात गर्दी कमी, पण माणसं सावकाश चालतात, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना दुसऱ्यांदा दिसतात आणि पाकीट हातात असतं. रोज तीच माणसं येतात, हे त्याहून महत्त्वाचं. एक जुनी विक्रेती मला तिची पद्धत दाखवायची. पहिला आठवडाभर ती विकायचा प्रयत्नच करत नसे. अंक प्लास्टिकच्या पाकिटात छातीशी धरायचा, मुखपृष्ठ लोकांकडे, ओळखपत्र त्याच्या वर, दोन्ही एका नजरेत दिसतील असं. दारापासून दोन पावलं बाजूला उभं राहायचं, कोणाची वाट अडणार नाही असं. आणि येणाऱ्या प्रत्येकाला फक्त 'नमस्कार'. हात पुढे करायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक उलट नमस्कार करायला लागतात. तिसऱ्यात कोणीतरी थांबून विचारतं, 'हे काय आहे?' तिला एकेका गिऱ्हाइकाच्या कुत्र्याचं नाव, कोणाचं ऑपरेशन कधी आहे, कोणाची मुलगी परीक्षेला बसली आहे हे पाठ असायचं. एखाद्या दिवशी ती आली नाही तर दुकानातले लोक आमच्या कार्यालयात फोन करून चौकशी करत.

असं नातं तयार व्हायला तीन-चार महिने एकच जागा, एकच वेळ लागते. म्हणून जागावाटप हे वितरण केंद्राचं सर्वांत जबाबदारीचं काम आहे. जुन्या विक्रेत्याची जागा तो आजारी पडला म्हणून दुसऱ्याला कायमची देऊन टाकली, तर त्याची सगळी कमाई तुम्ही दुसऱ्याला दिलीत. जागा राखून ठेवण्याचे नियम लेखी हवेत आणि सगळ्यांना वाचून दाखवलेले हवेत, कारण काही विक्रेत्यांना वाचता येत नाही. किती दिवस गैरहजर राहिल्यावर जागा सुटते, रुग्णालयात किंवा कोठडीत असेल तर काय, दोघांचं भांडण झालं तर निर्णय कोण देणार हे सगळं त्यात असावं. खिडकीशी होणारी सर्वांत वाईट भांडणं मी जागेवरूनच झालेली पाहिली आहेत.

कायद्याची बाजूही जागेशीच जोडलेली आहे. सार्वजनिक पदपथ, दुकानाचं खाजगी आवार आणि वाहतुकीचा रस्ता या तिन्हींचे नियम वेगळे असतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ब्रेंटवुड शहराने रस्त्यावर उभं राहून गाड्यांमधल्या लोकांना काही विकायला बंदी घातली होती. नॅशव्हिलच्या 'द कॉन्ट्रिब्यूटर'ने त्याविरुद्ध दाद मागितली. 2013 मध्ये अपील न्यायालयाने शहराचा नियम योग्य ठरवला. छापील शब्दाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण असलं तरी तो कुठे उभं राहून विकायचा यावर बंधन येऊ शकतं, हे ध्यानात ठेवा. दुकानाच्या आवारासाठी व्यवस्थापकाला आधी भेटा, विक्रेत्याची ओळख करून द्या आणि तक्रार आली तर कोणाला फोन करायचा तो नंबर देऊन ठेवा. यात अर्धा तास जातो, पण जागा वर्षभर टिकते.

आता भीक आणि विक्री. हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी रागावत नाही. विक्रेते स्वतःही तो विचारतात. काही लोक अंक न घेताच पैसे देतात, हे खरं आहे. काही लोक अंक घेऊन न वाचता टाकतात. काही विक्रेते एकच फाटका जुना अंक हातात धरून, विकायची इच्छा नसताना, फक्त पैसे मागतात. बरेचदा ते नोंदणीकृत विक्रेतेही नसतात. या सगळ्यामुळे रेषा पुसट होते. तरी फरक खरा आहे आणि तो मला खिडकीशी रोज दिसायचा. विकणारा माणूस सकाळी ठरवतो की आज आठ घ्यायचे की बारा. पावसाचा अंदाज बघतो. मुखपृष्ठावर कोण आहे ते पाहून कुरकुरतो किंवा खूश होतो. काल तीन उरले म्हणून आज कमी घेतो. त्याच्या दिवसात निर्णय असतात आणि त्या निर्णयांचे परिणाम त्याचे असतात. लांब काळ रस्त्यावर राहिलेल्या माणसासाठी बाकी सगळं, म्हणजे निवारा कधी उघडणार, जेवण काय, रांग कुठे, हे दुसरेच ठरवत असतात.

कायद्यानेही हे ओळखलं आहे. ब्रिस्टलच्या एका विक्रेतीच्या प्रकरणात ब्रिटनच्या अपर ट्रायब्युनलने, म्हणजे अशा अपिलांचा निकाल देणाऱ्या वरच्या न्यायाधिकरणाने, 2011 मध्ये 'द बिग इश्यू' विकणं हा खराखुरा स्वयंरोजगार मानला. घरभाड्याच्या सरकारी साहाय्याचा तिचा हक्क त्यावर अवलंबून होता. तुमच्याकडेही विक्रेत्यांना काही सरकारी मदत मिळत असेल, तर ही कमाई तिच्यात कशी धरली जाते हे पहिल्या अंकाआधी जाणकाराला विचारून घ्या. महिन्याला थोडे पैसे मिळवताना त्याहून मोठी मदत बंद पडली, तर त्या माणसाचं तुम्ही नुकसान केलंत. विक्रेत्याने किती अंक घेतले याची पावती संस्थेने जपून ठेवली तर पुढे त्याला उत्पन्नाचा पुरावा म्हणून ती कामी येते.

गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगते की पैसे दिलेत तर अंक घ्या. खप वाढला तर जाहिराती मिळतात आणि अंक चालू राहतो हे एक. शिवाय अंक नाकारून पैसे दिले की विक्रेत्याला आपल्या हातातल्या मालाची किंमत शून्य वाटते. जास्त द्यायचे असतील तर जरूर द्या, पण अंक हातात घेऊन.

एक गोष्ट अशा कामाची स्तुती करणारे बोलत नाहीत. अंक विकण्यासाठी माणसाला आपण बेघर आहोत हे गळ्यात ओळखपत्र घालून भर चौकात जाहीर करावं लागतं. ज्याने घरच्यांपासून ही गोष्ट लपवली आहे, जिची मुलं जवळच्या शाळेत आहेत, जी मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून आहे, अशा माणसांना हे काम देणं म्हणजे त्यांना उघडं पाडणं. स्त्रियांची संख्या विक्रेत्यांत कमी दिसते त्याचं हे एक मोठं कारण आहे. नोंदणी करताना प्रत्येकाला विचारा, 'तुम्ही कोणाला दिसता कामा नये?' त्याप्रमाणे दूरची जागा द्या. ओळखपत्रावर नावाऐवजी क्रमांक ठेवा. आणि काहींना विक्रीऐवजी दुसरं काम द्या. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचं 'सुरप्राइज' आणि अथेन्सचं 'शेडिया' या स्ट्रीट पेपरांनी बेघरपण भोगलेल्यांना शहर दाखवणारे वाटाडे बनवलं. गठ्ठे बांधणं, वर्गणीदारांचे अंक टपालात टाकणं, पुरवठा करणं हीही पगारी कामं होऊ शकतात. लेख लिहिणाऱ्या विक्रेत्याला मानधन द्या, बाहेरच्या लेखकाला देता तेवढंच.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमधलं 'बोका दे रुआ' तर रस्त्यावर राहणारी माणसंच तयार करतात आणि तीच विकतात. तिथे विषय बैठकीत ठरतात, मुलाखती गटाने घेतल्या जातात. याच्या दुसऱ्या टोकाला व्यावसायिक पत्रकारांनी काढलेले, नटांच्या आणि गायकांच्या मुलाखती असलेले अंक आहेत. यावर 1990 च्या दशकापासून वाद चालू आहे. मला वाटतं, वाचकाने दुसऱ्यांदा विकत घ्यावा इतका अंक चांगला हवा आणि त्यात विक्रेत्याचा आवाजही हवा. दया म्हणून अंक एकदा घेतला जातो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या 'स्ट्राटनिउस'ला 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुलाखत दिली आणि ती घ्यायला त्या अंकाचा एक विक्रेताही गेला होता. अशा अंकासाठी लोक स्वतःहून विक्रेत्याला शोधत येतात.

कमाई बेभरवशाची असते यावर म्युनिकच्या 'बिस'ने वेगळा मार्ग काढला. 1993 पासून चालणाऱ्या या मासिकाने आपल्या बऱ्याच विक्रेत्यांना रीतसर नोकरीवर घेतलं आहे. ठरलेला पगार, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाचा हिस्सा, भरपगारी रजा. मला स्वतःला हा नमुना सर्वांत जास्त भावतो. पण त्यासाठी देणगीदारांचा भक्कम आधार लागतो आणि विक्रेत्याला ठरावीक खपाची हमी द्यावी लागते. ज्याला कधी यायचं, कधी नाही याची मोकळीक हवी आहे त्याला हे जड जातं. दोन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवता आले तर उत्तम.

आता छापील अंकाचं भवितव्य. परिस्थिती अवघड आहे, हे मी लपवणार नाही. बर्लिनचं 'स्ट्रासेनफेगर' 2018 मध्ये बंद पडलं. मँचेस्टरहून निघणारं 'बिग इश्यू नॉर्थ' तीस वर्षं चालून 2023 मध्ये थांबलं. मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीने जगभरच्या बऱ्याच विक्रेत्यांची कमाई एका दिवसात शून्यावर आणली. 'द बिग इश्यू'ने तेव्हा पहिल्यांदा अंक दुकानांत ठेवला, वर्गणीदार जमवले आणि तो पैसा विक्रेत्यांकडे वळवला. अनेकांच्या कार्यालयातून काम करण्याच्या सवयी त्यानंतर बदलल्या आणि स्टेशनांबाहेरच्या काही जुन्या जागा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

रोख पैसे न बाळगणारं गिऱ्हाईक ही त्याहून मोठी अडचण. स्टॉकहोमच्या 'सितुआत्सियोन स्टॉकहोल्म'ने 2013 मध्येच विक्रेत्यांच्या हातात कार्ड घेणारी यंत्रं दिली, कारण तिथे लोकांच्या खिशात नाणी उरलीच नव्हती. सिॲटलच्या 'रिअल चेंज'ने 2015 मध्ये मोबाइल ॲप आणलं आणि विक्रेत्याच्या ओळखपत्रावरचा कोड स्कॅन करून पैसे देता यायला लागले. याने विक्री वाढते, यात मला शंका नाही. पण खिडकीच्या बाजूने तीन गोष्टी पाहा. बँकेत खातं नसलेल्या विक्रेत्याचे पैसे कुठे जमा होणार? ते त्याच दिवशी हातात पडणार की दोन दिवसांनी? आणि फोन चार्ज कुठे करणार? पहिल्या दोन अडचणी संस्था सोडवू शकते. पैसे संस्थेच्या खात्यात घ्यायचे आणि संध्याकाळच्या त्याच खिडकीतून विक्रेत्याला रोख द्यायचे किंवा उद्याच्या अंकांत वळते करायचे. चार्जिंगसाठी कार्यालयात कुलूप लावता येईल असा एक कप्पा पुरतो. 'त्याच दिवशी रोख' हा गुण मात्र हरवू देऊ नका. रात्री कुठे झोपायचं हे ज्याला संध्याकाळच्या पैशांवर ठरवायचं आहे, त्याला परवा जमा होणाऱ्या पैशांचा उपयोग नाही.

मग तुमच्या संस्थेने सुरू करावं का? तुमच्याकडे वर्षभराच्या छपाईचे पैसे आणि रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीशी बसणारा एक पगारी माणूस असेल तर करा. स्वयंसेवकावर खिडकी चालत नाही. तो सुट्टीवर गेला की विक्रेत्यांची त्या दिवसाची कमाई गेली. सुरुवात पंधरा-वीस विक्रेत्यांनी करा. पहिल्याच महिन्यात शंभर जणांची नोंदणी केली तर जागा अपुऱ्या पडतील आणि सगळ्यांचाच खप पडेल. आचारसंहिता एका पानाची ठेवा: विक्री करताना दारू नाही, लोकांच्या मागे लागायचं नाही, ओळखपत्र दिसलं पाहिजे, दुसऱ्याच्या जागेवर उभं राहायचं नाही. नियम मोडणाऱ्याला थेट काढून टाकू नका. आधी दोन दिवसांची बंदी, मग आठवड्याची, आणि प्रत्येक वेळी परत यायची तारीख त्याच्या हातात लिहून द्या. आंतरराष्ट्रीय जाळ्याचे सभासद झालात तर इतर देशांतल्या अंकांमधले लेख वापरता येतात, त्यामुळे दोन माणसांचं संपादकीय खातंही सुरुवातीला पुरतं.

देणगीदार तुम्हाला विचारतील की वर्षाअखेर किती जण रस्त्यावरून घरात गेले. घर अंक विकून मिळत नाही. त्याला परवडणारी भाड्याची घरं, उपचार आणि कधी कधी वकील लागतो. तुम्ही विक्रेत्याला तिथपर्यंत पोचवू शकता, कारण तो रोज खिडकीशी येतो आणि काल आला नाही हे तुमच्या लक्षात येतं. समाजसेवेच्या कार्यालयात न जाणारी माणसंही अंक घ्यायला येतात. म्हणून खिडकीशेजारी आठवड्यातून एक दिवस परिचारिका आणि एक दिवस घरांच्या अर्जांचं काम जाणणारी व्यक्ती बसवा. अहवालात अंकांचा खप, प्रत्येक विक्रेत्याची सरासरी कमाई आणि किती विक्रेते सहा महिन्यांनंतरही येत आहेत हे तीन आकडे द्या. हे आकडे पहिल्या दिवसापासून वहीत लिहायला लागा, नंतर ते जुळवता येत नाहीत.